अल्पायुषी संदेश आणि अमेरिकेची माघार

संदेशवाहक आरएनएवर आधारलेल्या लशींचे २२ प्रकल्प आणि त्यांचे सुमारे ५० कोटी डॉलरांचे साहाय्य ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेचे आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी (ज्युनिअर) यांनी गुंडाळले. श्वसनमार्गाच्या संसर्गावर या लशी पुरेशा प्रभावी नाहीत, हे त्यांचे कारण. या वादात ज्या रेणूवर रोष ओढवला, त्याचा स्वभाव मात्र बाजूलाच राहिला.

१९६१ साली हा रेणू ओळखला गेला तोच मुळी त्याच्या अल्पायुषीपणामुळे. जनुकातील आज्ञा प्रथिने घडविणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचवावी आणि नाहीसे व्हावे, एवढेच त्याचे काम. परंतु हे नाहीसे होणे यदृच्छेने घडत नाही. रेणूच्या एका टोकाला रासायनिक टोपी असते, दुसऱ्या टोकाला अ‍ॅडेनिनची लांब शेपटी. पेशीतील विकरे ही शेपटी कुरतडत जातात. ती आखूड झाली की टोपी उतरते आणि रेणूचा निकाल लागतो. कुरतडण्याचा वेगही बव्हंशी रेणूच्याच रचनेत लिहिलेला असतो. पेशीविभाजनाला चालना देणाऱ्या काही प्रथिनांचे संदेश अर्ध्या तासात निम्म्यावर येतात. ते रेंगाळले तर पेशी बेबंद वाढू लागतील. उलट हिमोग्लोबिनचे संदेश दीर्घकाळ टिकतात. तांबडी पेशी घडताना केंद्रकच टाकून देते. तिला नवी आज्ञा मिळणार कोठून?

लसनिर्मात्यांनी पेशीचाच हा धडा गिरवला. फायझरच्या करोना लशीतील संदेशाचा आरंभीचा तुकडा हिमोग्लोबिनच्याच एका जनुकावरून घेतलेला आहे. हा कृत्रिम संदेश शरीरात किती काळ राहतो, ही शंका रास्तच होय. लसिका ग्रंथींत तो दोन महिन्यांपर्यंत आढळल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. पण तिचे उत्तर संशोधनाने शोधायचे, की संशोधनाचा पैसा तोडून?

शरीराबाहेर तर या रेणूची नाजूकता अधिकच जाणवते. फायझरची लस आरंभी उणे ७० अंशांवर ठेवावी लागे. गरीब देशांना ते परवडणारे नव्हते. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने गोठवून शुष्क केलेली, अतिशीत साठवणुकीवाचून टिकणारी लस तयार केली. तिला जून २०२३ मध्ये परवानगी मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले होते त्याच्या आदल्याच महिन्यात! वॉशिंग्टनने हात आखडता घेतला असताना पुण्यात साधलेले हे कौशल्य टिकवायचे, तर दिल्लीला पुढच्या साथीची वाट पाहत थांबता येणार नाही.