आधी भाकरी, मग चेंडू?

गेल्या वर्षी आमच्या कोल्हापुरातल्या एका मंडळाची बैठक भरली होती. निर्वासितांच्या छावण्यांकडे पाठवायच्या मदतीची यादी करायची होती. मंडळाचे नाव सांगत नाही; माणसे भली आहेत, आणि भांडावे तर भल्या माणसांशीच. यादीत धान्य होते, चादरी होत्या, औषधे होती. 'मुलांसाठी' वह्या होत्या आणि 'मुलींसाठी' शिवणयंत्रे होती. मी चाळीस वर्षे मुलींच्या शाळेत खेळ शिकवले. त्या खोडीने म्हणाले, "ह्यात चेंडू घाला, मुलींच्या मापाचे बूट घाला, आणि त्यांना खेळवणाऱ्या दोन बायकांचा पगार घाला." एक वजनदार गृहस्थ हसून म्हणाले, "बाई, आधी भाकरी, मग चेंडू." सगळे हसले. चहा आला आणि विषय संपला. मला उत्तर सुचले ते घरी परतताना, रंकाळ्याच्या काठाने. ते येथे देते.

भाकरीशी माझे वैर नाही. उपाशी पोराला लंगडी घालायला सांगणारी मास्तरीण मी नव्हे. माझे भांडण त्या 'मग' ह्या शब्दाशी आहे. हा 'मग' उगवतो तरी कधी? आपल्याला वाटते, निर्वासितपण म्हणजे आगगाडी चुकून फलाटावर काढलेली रात्र. सकाळची गाडी आली की सुटका. केनियातली काकुमाची छावणी १९९२ साली वसली. तिच्यात जन्मलेल्या मुलींना आता स्वतःची मुले झाली आहेत. जॉर्डनमधली झातरी २०१२ च्या जुलैत उभी राहिली. त्या वर्षी तिथे पाळण्यात असलेली पोर आज न्हातीधुती झाली असेल. बालपण काही कोठारात ठेवण्याजोगे धान्य नाही, की आज वाटप जमले नाही तर पुढच्या महिन्यात देऊ. २०२४ च्या अखेरीस जगात सुमारे १२ कोटी ३२ लाख माणसे घरादारावरून उठवली गेलेली होती, हा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाचा आकडा आहे, आणि त्यांत दहांत चार मुले. ह्या सगळ्या मुलांना 'मग' सांगायचे असेल तर सरळ 'नाही' म्हणावे. १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात मुलाच्या खेळण्याचा हक्क लिहिलेला आहे, आणि १९९२ साली आपल्या सरकारने ती संहिता मान्य केली आहे. त्या कलमात भाकरीनंतर असे कुठे म्हटलेले नाही.

आणि कोल्हापूरच्या माणसाने तरी असे बोलू नये. आमच्या शेजारी वळिवड्याला १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. बहुतेक बायका आणि मुले. सोव्हिएट सत्तेने १९४०-४१ साली त्यांना सैबेरिया-कझाकस्तानकडे हाकलले होते. तिथून सुटून, वाटेत माणसे पुरत पुरत, इराणमार्गे ती आपल्याकडे पोचली. तिकडे महायुद्ध पेटलेले, घरी परतण्याची खात्री नाही; तरी त्या वसाहतीत शाळा निघाल्या, चर्च झाले, आणि बालवीरांची पथके उभी राहिली, मुलींचीसुद्धा. तिकडे जामनगरजवळ बालाचडीला पोलिश मुले फुटबॉल खेळत होती. युद्ध संपेपर्यंत थांबा, असे त्यांना सांगण्यात आले नाही. आज त्या वसाहतीच्या आठवणीची आम्ही स्मारके उभारतो, पाहुण्यांना हार घालतो, आणि बैठकीत चेंडूला हसतो.

आता खरा मुद्दा. समजा, गृहस्थांनी माझे ऐकले आणि चेंडू पाठवले, तर ते जातील मुलांकडे. मुलगे वाईट असतात म्हणून नव्हे. मोकळी जागा दिसली की ती मुलग्यांची, हा नियम मैदानाला कोणी शिकवावा लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेला पूर आला तेव्हा एका शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती. (पूरग्रस्त म्हणजे निर्वासित नव्हेत. त्यांचे घर चिखलात का होईना, जागेवर असते. पण आठ दिवस का होईना, मला छावणी जवळून पाहायला मिळाली.) एका दुपारी पाऊस उघडला. पंधरा मिनिटांत पटांगणावर फळकुटाच्या बॅटीने क्रिकेट सुरू झाले. मुली कुठे होत्या? एक भांडी घासत होती. एक भावाला कडेवर घेऊन भिंतीला टेकली होती. बाकीच्या जिन्याखाली दाटीवाटीने बसल्या होत्या. मी दोन बाकडी खांब म्हणून मांडली आणि खो-खोला हाक दिली. एकही उठेना. एक आई हळूच म्हणाली, "बाई, एवढी बापय माणसं बसल्यात, पोरींनी पळायचं व्हय?"

तिचे चुकले नव्हते. शेवटी शाळेच्या मागल्या अंगाला ताडपत्री बांधली, दोन म्हाताऱ्यांकडे कडेवरची पोरे दिली, बायकांसाठी एक मोरी मोकळी करून घेतली, तेव्हा कुठे डाव बसला. पाऊण तास चालला. म्हणजे मुलींच्या खेळाला लागले काय? चेंडू नव्हे. आडोसा, मोरी, मुले सांभाळणारे हात, ओळखीची बाई, आणि पाण्याच्या रांगेची नि स्वयंपाकाची वेळ टाळून ठरवलेला तास. ही खर्चाची बाब आहे आणि ती छायाचित्रात दिसत नाही, म्हणून कोणी देणगीदार तिच्यासाठी पाकीट उघडत नाही. झातरीत मुलींना फुटबॉल शिकवायला छावणीतल्याच स्त्रिया तयार करण्यात आल्या. तिथे हे कोणाला तरी उमगले म्हणायचे.

तो तास का महत्त्वाचा, ते एका आकड्यावरून समजेल. युनिसेफने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे, जॉर्डनमधल्या सीरियन निर्वासितांच्या २०१३ साली नोंदल्या गेलेल्या विवाहांपैकी जवळजवळ पाव विवाहांत वधू अठराच्या आतली होती. २०११ साली हेच प्रमाण १२ टक्के होते. पोर खोपटात बसली की बापाला तिचे ओझे दिसते. चार लोकांत तिची उपस्थिती कोणी तरी घेत असेल तर ती नाहीशी झालेली निदान कळते. माझ्या शाळेतही आठवीनंतर मैदानावरून एकेक मुलगी कमी होई. "का गं, चार दिवस आली नाहीस?" असे विचारायला मी तिच्या दारात जात असे. दरवेळी उपयोग झाला असे नाही. पण विचारणारे कोणी होते.

ह्यावर दुसरा पक्ष आनंदाने टाळ्या पिटील, म्हणून त्याच्याशीही दोन शब्द. हे लोक चेंडूला हसत नाहीत. ते चेंडूची पूजा करतात. खेळाने जखमा भरतात, खेळाने नेतृत्व येते, खेळातून पदके येतात, असे ते सांगतात. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये निर्वासितांचा पहिला संघ उतरला, दहा खेळाडूंचा. काकुमात वाढलेल्या रोझ लोकोन्येनने त्याचा ध्वज धरला होता. २०२४ साली पॅरिसला सिंडी न्गाम्बाने मुष्टियुद्धात कांस्यपदक घेतले, ह्या संघाचे पहिलेच. मीही टाळ्या वाजवल्या. खेळाची बाई आहे मी, न वाजवून कसे चालेल? पण युसरा मार्दिनीची गोष्ट पुरती ऐका. २०१५ साली तुर्कस्तानातून ग्रीसकडे जाणाऱ्या होडीचे यंत्र बंद पडले, तेव्हा युसरा आणि तिची बहीण सारा ह्या दोघी पोहणाऱ्या मुली पाण्यात उतरल्या. युसरा ऑलिंपिकला गेली. दोघींवर चित्रपट निघाला. सारा पुढे ग्रीसच्या किनाऱ्यावर येणाऱ्या निर्वासितांना वाचवायच्या कामाला लागली, तर २०१८ साली तिला अटक झाली आणि शंभराहून अधिक दिवस ती तुरुंगात होती. पाणी तेच, पोहणे तेच. भित्तिपत्रकावर मात्र एकीलाच जागा.

पदक न मिळवणाऱ्या, वेगाने न धावणाऱ्या, चेंडू हातातून सोडणाऱ्या लाखो पोरींचे काय? त्यांनी खेळल्याबद्दल आम्हांला काय परत द्यायचे? माझे म्हणणे, काही नाही. खेळाने लग्न थांबेल अशी हमी मी देत नाही. भाकरी दिल्यावर 'हिने काय साधले' असा अहवाल आपण मागत नाही, खेळाचा मागतो.

आणि जे मैदानाचे मालक म्हणवतात त्यांनी तरी काय दिवे लावले? २०११ च्या जूनमध्ये अम्मानला इराणच्या मुलींचा संघ ऑलिंपिक पात्रतेचा सामना खेळायला उभा राहिला, आणि डोक्यावरच्या कपड्यापायी त्यांना खेळू दिले नाही. जागतिक फुटबॉल संघटनेने तो नियम बदलला २०१४ साली. मधली तीन वर्षे ज्या मुलींच्या घरचे लोक म्हणत, "डोके झाकूनच खेळ", आणि पंच म्हणत, "डोके झाकून खेळू नकोस", त्यांनी जायचे कुठे? अफगाण मुली २०२१ साली जीव घेऊन देशाबाहेर पडल्या. त्यांच्या निर्वासित संघाला ह्याच संघटनेने मान्यता दिली २०२५ साली, आणि त्या ऑक्टोबरात मोरोक्कोला त्या खेळल्या. चार वर्षे. खेळाडू मुलीची चार वर्षे म्हणजे किती, हे समितीतल्या पोक्त माणसांनी आपापल्या गुडघ्यांना विचारावे.

आमच्या मंडळाची पुढची बैठक दिवाळी झाल्यावर आहे. शिवणयंत्रे राहू देत. ज्यांना शिवायचे आहे त्या शिवतील, मुलगेही शिवोत. यादीच्या तळाला मी चार ओळी घालून ठेवल्या आहेत: ताडपत्री, मोरीसाठी विटा-सिमेंट, तान्ह्यांना सांभाळणाऱ्या बाईचा रोज, खेळवणाऱ्या दोघींचा बारा महिन्यांचा पगार. चेंडू सर्वांत शेवटी लिहिला आहे, म्हणजे गृहस्थांना हसायला तिथपर्यंत थांबावे लागेल.