विश्लेषण : उसाच्या मळीवर विमान उडाले, पण ऊस किती लागेल?

पुण्याहून दिल्लीला जाणाऱ्या एअर एशिया इंडियाच्या एका विमानाने १९ मे २०२३ रोजी नेहमीच्या इंधनात उसाच्या मळीपासून तयार केलेले इंधन मिसळून उड्डाण केले. हे इंधन पुण्यातील प्राज इंडस्ट्रीज या कंपनीने इंडियन ऑइलच्या साथीने पुरवले होते. दिल्ली विमानतळावर स्वागताला पेट्रोलियममंत्री हरदीपसिंग पुरी हजर होते. मिश्रणाचे प्रमाण होते जेमतेम एक टक्का. आता २०२७ पासून भारतातून परदेशात जाणाऱ्या विमानांसाठी हाच एक टक्का सरकारचे उद्दिष्ट आहे. २०२८ मध्ये दोन आणि २०३० मध्ये पाच टक्के असे पुढचे टप्पे आहेत. आकडे छोटे वाटतात. पण त्यासाठी लागणारा कच्चा माल कुठून येणार, हा प्रश्न महाराष्ट्राच्या शेतापर्यंत आणि वडापावच्या गाडीपर्यंत येऊन पोहोचतो.

विमानांना बॅटरी का चालत नाही?

जगातील एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात विमानांचा वाटा सुमारे अडीच टक्के आहे. मोटार, बस, रेल्वे विजेवर नेता येते. विमानाचे तसे नाही. एक किलो विमान इंधनात सुमारे ४३ मेगाज्यूल ऊर्जा असते. सध्याच्या चांगल्या लिथियम बॅटरीत किलोमागे एक मेगाज्यूलही साठत नाही. विजेची मोटर जेट इंजिनापेक्षा कार्यक्षम असते हे धरले, तरी मुंबई-लंडनला लागणारी बॅटरी घेऊन विमान धावपट्टीवरून उठणारच नाही. हायड्रोजनवरच्या मोठ्या विमानांना अजून बराच अवकाश आहे. म्हणून सध्याच्याच इंजिनात, सध्याच्याच टाकीत आणि सध्याच्याच पंपातून भरता येईल असे इंधन हवे. त्यालाच शाश्वत विमान इंधन किंवा ‘एसएएफ’ म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. या इंधनावर उडणाऱ्या विमानाच्या मागून कमी धूर निघतो म्हणून ते हरित, असे नाही. जळताना ते जवळपास तेवढाच कार्बन डायऑक्साइड सोडते. फरक एवढाच, की हा कार्बन जमिनीखालून उपसलेला नसतो. ऊस किंवा तेलबिया वाढताना त्यांनी तो हवेतूनच घेतलेला असतो. त्यामुळे खरा हिशोब शेतापासून टाकीपर्यंतचा आहे. खत, पाणी, गाळप, कारखान्याची वीज, वाहतूक आणि त्या पिकासाठी कुठे जंगल तुटले का, हे सारे त्यात धरावे लागते.

हा हिशोब कसा होतो?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ‘कोर्सिया’ योजनेत साध्या विमान इंधनाचा आकडा प्रति मेगाज्यूल ८९ ग्रॅम धरला आहे. वापरलेल्या खाद्यतेलापासूनच्या इंधनाचा आकडा सुमारे १४ ग्रॅम आहे, म्हणजे ८० टक्क्यांहून अधिक घट. उलट अमेरिकी मक्याच्या इथेनॉलपासूनच्या इंधनाचा आकडा, जमीनवापरातील बदल धरला की, ९० च्या पुढे जातो. म्हणजे दोन्ही टाक्यांवर ‘जैवइंधन’ अशीच पाटी असते आणि एक खरोखर उपयोगाचे, तर दुसरे साध्या इंधनापेक्षाही वाईट निघू शकते. युरोपीय संघाने हे ओळखून आपल्या सक्तीत अन्न आणि चाऱ्याच्या पिकांपासूनचे इंधन मोजायचेच नाही असे ठरवले. तेथे २०२५ पासून दोन टक्के मिश्रण बंधनकारक आहे. २०३० ला ते सहा आणि २०५० ला ७० टक्के होईल.

उसाचे गणित

भारताचा भर मात्र इथेनॉलवर आहे आणि त्यामागचे कारण केवळ पर्यावरण नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य २०२५ मध्येच गाठले गेले. ते गाठण्यासाठी देशभर उभी राहिलेली इथेनॉलची क्षमता पेट्रोलच्या गरजेच्या पुढे गेली आहे. शिवाय धान्यापासूनच्या इथेनॉलचा वाटा उसाच्या वाट्यापेक्षा मोठा झाला. साखर कारखान्यांना नवे गिऱ्हाईक हवे आहे आणि विमान ते गिऱ्हाईक वाटते. यात गैर काही नाही, फक्त आकडे कागदावर मांडून पाहायला हवेत.

इथेनॉलपासून विमान इंधन करताना आधी त्यातील पाणी काढून इथिलीन बनवतात, मग इथिलीनच्या लहान साखळ्या जोडून लांब साखळ्या तयार करतात. रसायनशास्त्राच्या नियमाने ४६ ग्रॅम इथेनॉलमधील १८ ग्रॅम पाणी होऊन जाते, हाती उरतात २८. म्हणजे एक लिटर इथेनॉलपासून, काहीही वाया न जाता, फार तर ०.६ लिटर इंधन मिळते. एक टन उसाच्या रसापासून साधारण ७० लिटर इथेनॉल होते. त्याचे विमान इंधन ४२ लिटर. पुणे-दिल्ली प्रवासात एअरबस ए-३२० सारखे विमान ढोबळमानाने पाच हजार लिटर इंधन जाळते. ते सगळे उसाच्या रसाचे असावे असे म्हटले, तर सुमारे १२० टन ऊस लागेल. एकरी ३५ टन उतारा धरला तर साडेतीन एकर. सुरू उसाला बारा महिने लागतात, आडसालीला सोळा ते अठरा. तेवढे दिवस साडेतीन एकराला पाणी द्यायचे आणि ते दोन तासांत दिल्लीला पोहोचेपर्यंत संपवायचे.

मळीचे तसे नाही. साखर काढून झाल्यावर उरलेल्या ‘सी हेवी’ मळीपासून टनामागे दहाएक लिटर इथेनॉल मिळते, पण त्यासाठी वेगळा ऊस लावावा लागत नाही. पुण्याहून उडालेल्या त्या विमानाचे महत्त्व इथे आहे. उरलेल्या मळीचे, चिपाडाचे, पाचटाचे इंधन करणे आणि थेट रसाचे इंधन करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि धोरणात त्या वेगळ्याच लिहिल्या गेल्या पाहिजेत. महाराष्ट्रात ऊस लागवडीखालील जमिनीचा लहानसा भाग व्यापतो आणि सिंचनाच्या पाण्याचा मोठा वाटा पितो, हे कोणत्याही दुष्काळी वर्षात टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. पावसाने दगा दिल्यावर ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली होती, नंतर ती सैल केली. पेट्रोलच्या बाबतीत असा धक्का पचतो. विमान कंपनीने तिकिटे विकून झाल्यावर इंधनाचा पुरवठा असा थांबला तर काय, याचे उत्तर आजच शोधलेले बरे. मक्याचा अनुभवही ताजाच आहे. इथेनॉलच्या मागणीमुळे मका निर्यात करणारा भारत २०२४ मध्ये आयातदार झाला आणि कोंबडीखाद्य महागल्याची ओरड पोल्ट्रीवाल्यांनी केली.

याआधीही एक स्वप्न पाहून झाले आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये स्पाइसजेटचे विमान डेहराडूनहून दिल्लीला २५ टक्के जैवइंधनावर आले, तेव्हा इंधन मोगली एरंडाच्या तेलाचे होते. पडीक जमिनीवर, पाण्याशिवाय, भरघोस तेल देणारे झाड म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला होता. प्रत्यक्षात पाण्याशिवाय झाड जगले, पण बी पुरेसे आले नाही.

वडापावचे तेल

मग वापरलेले खाद्यतेल? हरियाणातील पानिपत येथील इंडियन ऑइलच्या रिफायनरीला २०२५ मध्ये या तेलापासून विमान इंधन बनवण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. क्षमता वर्षाला सुमारे ३५ हजार टन आहे. देशाचा विमान इंधनाचा वापर ८० ते ९० लाख टनांच्या घरात असल्याने हा वाटा अर्ध्या टक्क्याहून कमी भरतो. तरी सुरुवात योग्य ठिकाणी झाली आहे, कारण हे तेल गोळा झाले नाही तर कुठे जाते हे सर्वांना माहीत आहे. मोठ्या हॉटेलांतील काळे पडलेले तेल स्वस्तात लहान टपऱ्यांकडे जाते आणि पुन्हा कढईत पडते. तेलातील घातक ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते वापरू नये, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. असे तेल इंधनाकडे वळवण्याची मोहीमही २०१८ पासून आहे. अडचण गोळा करण्याची आहे. रस्त्यावरच्या गाडीवाल्याकडे दिवसाकाठी दोन-चार लिटर उरते; त्याच्याकडे गाडी कोण पाठवणार आणि जुन्या तेलाला तो आज मिळवतो त्यापेक्षा जास्त भाव कोण देणार? तो भाव विमान कंपन्यांकडून आला, तर एका दगडात दोन पक्षी मरतील. मात्र भाव फार चढला की ताजे पाम तेलच ‘वापरलेले’ म्हणून खपवले जाते. युरोपात चीनमधून आलेल्या तेलाबाबत हाच संशय घेतला गेला. खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीवर भागवणाऱ्या देशाला ही चैन परवडणारी नाही.

तिकीट किती महागेल?

शाश्वत इंधन साध्या इंधनापेक्षा दोन ते पाच पट महाग पडते. तिप्पट धरू. एक टक्का मिश्रणाने इंधनाचा खर्च दोन टक्के वाढेल. कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा एक तृतीयांश मानला, तर ५० हजार रुपयांच्या परदेशी तिकिटामागे साधारण ३३० रुपये. पाच टक्के मिश्रणाला सुमारे १,६५० रुपये. विमानतळावरच्या एका सँडविचपासून सुरू होणारी ही वाढ आहे. ती प्रवाशाने द्यावी, करदात्याने नव्हे. अनुदानाची मागणी होईल, ती मान्य करण्याचे कारण दिसत नाही.

खरा अडसर पुरवठ्याचा आहे. ‘आयाटा’नुसार २०२४ मध्ये जगभरात असे इंधन दहा लाख टन तयार झाले, म्हणजे एकूण वापराच्या ०.३ टक्के. एअर न्यूझीलंडने त्याच वर्षी आपले २०३० चे उत्सर्जन-लक्ष्य मागे घेतले. इंधनाची उपलब्धता आणि किंमत हे एक कारण दिले. शेलने रॉटरडॅममधील प्रकल्पाचे काम आधी थांबवले आणि पुढे तो सोडूनच दिला.

वाढीचे काय?

पाच टक्के मिश्रण आणि त्यातून ७० टक्के घट, असे चांगले गृहीतक घेतले तरी उत्सर्जन साडेतीन टक्क्यांनीच कमी होते. भारतातील विमान वाहतूक वर्षाला सात टक्क्यांनी वाढत राहिली, तर २०३० पर्यंतची ही सारी कमाई सहा महिन्यांच्या वाढीत धुऊन निघेल. म्हणून ‘हरित उड्डाण’ अशी जाहिरात करण्याची घाई कंपन्यांनी करू नये. केएलएमच्या अशाच जाहिराती मार्च २०२४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या न्यायालयाने दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या.

पुणे-दिल्लीसारखी देशांतर्गत उड्डाणे या उद्दिष्टात येतच नाहीत. ते केवळ आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी आहे, कारण कोर्सियाचे बंधन तेथेच २०२७ पासून लागू होते. तोपर्यंत सरकारला एक ओळ नियमात लिहायची आहे: टक्केवारीत थेट उसाचा रस आणि धान्य मोजले जाणार की नाही. ती ओळ ‘मोजले जाणार नाही’ अशी असावी. कारखानदार विरोध करतील. पण आज रसावर उभारलेला प्रकल्प पुढची वीस-पंचवीस वर्षे ऊसच मागत राहील, आणि त्या काळात किती वर्षे पाऊस बरा होईल याची हमी कोणताही कारखाना देऊ शकत नाही.