फोन भारतात जोडतात, मग चिप तैवानची का?

नव्या आयफोनच्या बॉक्सवर ‘असेंबल्ड इन इंडिया’ दिसलं की आपण खूश होतो. पण शब्द नीट वाचा: असेंबल्ड, म्हणजे जोडलेला. तमिळनाडूत फॉक्सकॉन आणि कर्नाटकात कोलार जिल्ह्यात टाटा हे काम करतात. आतला प्रोसेसर मात्र तैवानच्या टीएसएमसीचा. आणि त्यासाठी लागणारी ईयूव्ही मशीन विकणारी कंपनी जगात एकच, नेदरलँड्सची एएसएमएल.

म्हणजे अवघड काम हुशारांनी केलं आणि उरलेलं आपल्या वाट्याला आलं? तसं नाही. फॉक्सकॉन स्वतःच तैवानी कंपनी आहे! तैवानला फोन जोडता येत नाहीत असं थोडंच आहे? पण तिथला कुशल माणूस जुळणीच्या लाइनवर बसवला, तर तेवढं चिपचं काम बुडतं. इकॉनॉमिक्समध्ये याला तुलनात्मक लाभ म्हणतात. इथे कोण जास्त चांगलं करतं हे बघायचं नसतं. ते करताना काय सोडावं लागतं, ते बघायचं.

डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये हे आकड्यांत मांडलं. त्याच्या उदाहरणात ठरावीक कापड बनवायला इंग्लंडला वर्षभर १०० माणसं लागतात, वाइनला १२०. पोर्तुगालला कापडासाठी ९०, वाइनसाठी ८०. पोर्तुगाल दोन्हीत सरस. तरी ८० माणसांची वाइन देऊन त्याने इंग्लंडचं कापड घेतलं, तर त्याचं १० माणसांचं काम वाचतं आणि इंग्लंडचं २० जणांचं. (कागदावर हं. वाहतूक, कर, युद्ध यांचा हिशोब यात नाही.)

पण हा लाभ जन्मजात नसतो. टीएसएमसी १९८७ मध्ये सुरू झाली तीच मुळी सरकारी भांडवलाच्या आधाराने. भारतही आता तेच करू पाहतोय. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने चिपसाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, आणि गुजरातमध्ये धोलेऱ्याला टाटा समूह तैवानच्याच पॉवरचिपसोबत फॅब उभारतोय. तिथे २८ नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या प्रकारच्या चिप बनवायचं ठरलंय. नव्या फोनच्या प्रोसेसरपुढे हे जुनंच, पण मला ही निवड शहाणपणाची वाटते. गाड्यांना बहुतेक अशाच चिप लागतात, आणि २०२१ च्या टंचाईत त्यांच्याचसाठी गाड्यांचे कारखाने थांबले होते. माझी शंका वेगळी आहे: सरकारी मदत थांबल्यावर ही चिप किमतीत टिकेल का? कारण याच जुन्या चिपचे कारखाने चीनही झपाट्याने वाढवतोय.