पासवर्ड आहे ना, मग झालं!

मध्यंतरी एका मित्राचा लॅपटॉप ट्रेनमधून चोरीला गेला. मी फोनवर हळहळलो, तर साहेब म्हणतात, "जाऊ दे रे, पासवर्ड होता ना त्याला!" मी गप्प. ज्याचं आधीच नुकसान झालंय त्याला आणखी काय सांगणार? पण तुम्हाला सांगतो, कारण तुमचा लॅपटॉप अजून तुमच्याकडे आहे.

विंडोज सुरू होताना जो पासवर्ड मागते ना, तो सोसायटीच्या वॉचमनसारखा. फाटकातून येणाऱ्याला "कुणाकडे जायचंय?" विचारणार. मागच्या भिंतीवरून उडी मारणाऱ्याशी त्याचं देणंघेणं नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स बूट करायचं, किंवा डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडायची, की सगळे फोल्डर उघडे. त्याला हॅकर लागत नाही, लॅपटॉप दुरुस्त करणारा कुठलाही पोरगा चहा संपायच्या आत करून दाखवेल. (विंडोज ९८ तर आणखी थोर. पासवर्डच्या खिडकीत एस्केप दाबलं की थेट डेस्कटॉप!) बायोस पासवर्ड म्हणाल, तर डिस्क बाहेर काढली की तोही घरी बसला.

"पण माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" हे आपलं ठरलेलं उत्तर. जरा डाउनलोड्स उघडून बघा. ई-आधारची पीडीएफ सापडेल. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. शेजारीच पॅन कार्डाचा स्कॅन, त्यावर नाव आणि जन्मतारीख छापलेली. कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला! शिवाय बाबांचं रिटर्न, आईच्या पेन्शनचे कागद. तुमचं लपवण्यासारखं नसेलही, त्यांचं आहे. त्यांना विचारलंत?

दोष एकट्या आपला नाही म्हणा. बिटलॉकर २००७ साली व्हिस्टाबरोबर घराघरात आलं असतं, पण मायक्रोसॉफ्टने ते अल्टिमेट आणि एंटरप्राइझ आवृत्तीतच ठेवलं. म्हणजे सुरक्षा हवी तर जास्तीचे पैसे मोजा. आता होम आवृत्तीतही बऱ्याच मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन मिळतं, मॅकवर फाइलव्हॉल्ट आहेच. सेटिंगमध्ये जाऊन बघायला दोन मिनिटं लागतात. ती आपण देत नाही. हापिसात मात्र दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलतो, म्हणजे शेवटच्या १ चा २ करतो. अमेरिकेच्या निस्टने २०१७ मध्येच सांगितलं की अशी ठरावीक मुदतीची सक्ती करू नका. आपल्या आयटीवाल्यांपर्यंत ते अजून पोचायचंय.

असो. मित्राने नवा लॅपटॉप घेतला तेव्हा मी शेजारी बसून एन्क्रिप्शन चालू करून दिलं. ४८ आकडी रिकव्हरी की आली. म्हटलं, ही नीट जपून ठेव, हरवली तर तुझा डेटा तुलाही मिळणार नाही. त्याने फोनवर फोटो काढला, आणि माझ्यादेखत तो त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर सेव्ह केला.