‘निरक्षर’ कोणी म्हटलं?

आमच्या नागपुरात एका अख्ख्या टेकडीला सेमिनरी हिल्स म्हणतात. धर्मगुरू घडवणाऱ्या सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे पडलेलं ते नाव. आणि याच शहरातल्या प्रार्थनासभांत मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे : पेत्र आणि योहान कुठल्या सेमिनरीत गेले होते? मासे धरणारी माणसं ती! पवित्र आत्मा असला की पुरे, पदव्यांनी विश्वास कोरडा पडतो.

असं म्हणणाऱ्यांनी ‘प्रेषितांची कृत्ये’चा चौथा अध्याय पुन्हा उघडावा. तिथे पेत्र-योहानांना अशिक्षित ठरवतं कोण? त्यांची चौकशी करायला बसलेली न्यायसभा! विरोधकांनी मारलेला शेरा आपण भूषण म्हणून मिरवतो आहोत. शिवाय त्याच सभेला हेही उमगतं की ही माणसं येशूच्या सहवासात होती. त्या सहवासात त्यांनी प्रश्न विचारले, चुका केल्या, बोलणी खाल्ली, दाखल्यांचा अर्थ एकांतात समजून घेतला. याला शिक्षण नाही तर काय म्हणायचं?

दुसरा आधार मत्तयाच्या दहाव्या अध्यायाचा देतात : बोलायचं ते त्या घटकेला सुचवलं जाईल. पण हे आश्वासन न्यायालयात खेचल्या जाणाऱ्यांना आहे, तयारी न करता रविवारी संदेश द्यायला उभं राहणाऱ्यांना नाही. गमलियेलापाशी शिकलेला पौल तर तुरुंगातून तीमथ्याला कळवतो, झगा आण, पुस्तकं आण, चर्मपत्रं विसरू नकोस. मरण समोर दिसत असताना त्याला पुस्तकं हवी आहेत.

मंडळीतल्या आजीबाई साक्ष देऊ लागल्या की मूळ ग्रीक शब्द पुढे करून त्यांना गप्प बसवणारा पाळकही मला मान्य नाही. त्या आजींनी आयुष्यभर गुडघे टेकून जे कमावलं, ते त्याने आधी ऐकावं.

या वादात लक्ष्मीबाई टिळकांचं नाव हमखास निघतं. शाळेत न शिकलेली बाई, तरी 1933 साली नागपूरच्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाची अध्यक्ष! पण ही अर्धीच गोष्ट झाली. लग्नानंतर पती नारायण वामन टिळकांनी त्यांना लिहा-वाचायला शिकवलं, हे सांगायचं राहून जातं. खुद्द टिळक संस्कृतचे जाणकार. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं आणि 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वाचणारं मन तुकोबांवर पोसलेलं होतं, म्हणून त्यांची ख्रिस्तभक्ती अभंगांत उतरली, मराठी माणसाच्या ओठांवर बसली. कुठे आटली त्यांची श्रद्धा?

1919 मध्ये टिळक गेले, तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरचं काव्य अपुरं होतं. ते पुढे लिहायला लक्ष्मीबाई बसल्या.