घरच्या भाजीचा आरओआय

बाल्कनीत भाजी लावलीय असं ऑफिसात सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला : "महिन्याचे किती वाचतात रे?"

हिशोब देऊनच टाकतो, नाहीतर पिच्छा सुटायचा नाही. बाल्कनी आठ बाय चार फूट, ऊन सकाळचं जेमतेम पाच तास. नऊ कुंड्या, दोन थर्माकोलचे खोके आणि दुधीसाठी एक अर्धा कापलेला ड्रम. महिन्याला मेथीच्या दोन जुड्या, थोडी कोथिंबीर, मूठभर मिरच्या. बाजारभावाने शंभर रुपये, फार तर दीडशे. कुंड्या आणि कोकोपीटचे पैसे वसूल होईस्तोवर मी रिटायर होईन! 2023 च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेले तेव्हा आमच्या टीममधल्या चौघांनी बी आणलं होतं. बी पेरून फळ हातात येईपर्यंत तीन महिने सहज जातात. तोवर भावही उतरले आणि उत्साहही.

धंदा आतबट्ट्याचा आहे, मान्य. मग करायचा कशाला?

आमच्याकडे तो अण्णांसाठी चालतो. अण्णांनी जुन्नरकडे तीस-पस्तीस वर्षं शेती केली. आई गेल्यावर त्यांना पुण्यात, चौथ्या मजल्यावर आणलं. सकाळी पेपर, दुपारी रिमोट. सहा महिन्यांत तीनदा "मी आपला गावी जातो" झालं. गावच्या त्या घरात आता एकट्याने राहायचं म्हणजे... असो.

भाजी लावल्यापासून येणारे-जाणारे कौतुकाने म्हणतात, "छान! अण्णांना विरंगुळा झाला." हा शब्द माझ्या डोक्यात जातो. विरंगुळा म्हणजे ज्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही असं काम. इथे उलट, त्यांच्यावाचून आमचं पानही हलत नाही. दुधीचंच घ्या. बोटाएवढे दुधी पिवळे पडून गळत होते. मी नेटवर खतं धुंडाळत होतो. अण्णा म्हणाले, "अरे, एवढ्या उंचावर पाखरू येतंय कुठं? फळ धरंल कसं?"

दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. मादी फुलाच्या मागे इवलासा दुधी असतो, नराच्या मागे नुसता देठ. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मधला भाग मादी फुलावर हलकेच फिरवायचा. नेमका त्याच वेळी आमचा अमेरिकेतला क्लायंट जागा होतो, त्यामुळे हे खातं कायमचं अण्णांकडे. मी कॉलवर म्यूटमध्ये बघत बसतो.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर हे खरं तर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी शेतीत प्रयोग करणाऱ्यांची जी चळवळ उभी केली, तिचं नाव 'प्रयोग परिवार'. मला त्यातला 'परिवार' फार आवडतो. घरात शेती कळणारं माणूस असताना आपण यूट्यूबवरच्या अनोळखी माणसाला गुरू का करतो, कळत नाही.

तेव्हा नवशिक्यांनो, आईबाबांना 'गार्डनिंग किट' भेट देऊन मोकळे होऊ नका. ती कुंडी त्यांच्या ताब्यात द्या. काय लावायचं हे ते ठरवतील. तुम्ही पाणी भरा, माती कालवा, शिव्या खा. माझं लेट्यूस अण्णांनी "हे काय गुरांना घालायचंय?" म्हणत उपटलं आणि तिथे मेथी पेरली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मेथी वर आली, महिन्याभरात ताटात. सूनबाईंना धने पेरण्याआधी रगडून दोन फाकी करायला शिकवलं, तेही ओरडून.

सध्या दोन दुधी धरलेत. बी गावचं, अण्णांच्या पिशवीतून आलेलं. एक दुधी भाजीला आणि दुसऱ्याला हात लावायचा नाही, तो बियांसाठी वेलावरच वाळवायचा असा हुकूम आहे. म्हणजे अण्णा निदान दिवाळीपर्यंत तरी इथेच.