दूध कमी देणाऱ्या गाईची गोष्ट

बोफोर म्हटलं की आमच्या पिढीला तोफच आठवते. पण फ्रान्समध्ये बोफोर नावाचं चीज आहे आणि ते एका डोंगरी गाईच्या जिवावर उभं आहे. राजूरच्या प्रदर्शनात डांगी वळूबरोबर सेल्फी काढणाऱ्या प्रत्येकाने तिची गोष्ट वाचावी, म्हणून लिहितोय.

गाईची जात तारीन. आल्प्समधल्या तारांतेझ खोऱ्याची. रंग मधासारखा, डोळ्यांना काजळ घातल्यासारखी काळी कड, खूर टणक. उन्हाळा लागला की वरच्या कुरणांवर जायचं, बर्फाच्या आधी खाली यायचं. १८८८ मध्ये तिच्या वंशावळीची नोंदवही सुरू झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर खोऱ्यातली पोरं कारखान्यांत आणि धरणांच्या कामावर गेली. रोझलाँच्या धरणात तर चांगली कुरणंच बुडाली. (धरणात काय काय बुडतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.) तिकडे सपाटीवर होल्स्टीन बादल्या भरत होती. तारीन टिकणार कशी?

तिथल्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था बांधल्या. १९६८ मध्ये बोफोर या नावाला कायद्याचं संरक्षण मिळवलं. पुढे नियम कडक होत गेले. दूध फक्त तारीन किंवा शेजारच्या आबोंदांस जातीचं. मुरघास बंद. आणि कळपाची सरासरी गाईमागे वर्षाला ५००० किलो दुधाच्या वर जाता कामा नये! बरोबर वाचलंत, वर जाता कामा नये. किलोभर चीजला साधारण १० लिटर दूध लागतं, ते निदान ५ महिने मुरवतात, आणि त्या दुधाला साध्या दुधापेक्षा बराच चढा भाव मिळतो. म्हणून तारीन गोठ्यात राहिली.

आता आपली डांगी. तेलकट कातडीमुळे अकोले-इगतपुरीच्या पावसात टिकते, चिखलात काम करते, दूध मात्र बेताचं. डेअरीत फॅट आणि एसएनएफ बघतात. गाय कुठली, चरली कुठे, कुणी विचारत नाही. मग एखाद्याने डांगी विकून एचएफ बांधली तर त्याला नावं कोणत्या तोंडाने ठेवायची? गोमातेचे स्टेटस ठेवणारे आपण तिच्या दुधाला वेगळी किटलीसुद्धा ठेवत नाही.

माझं म्हणणं एवढंच, तालुक्यातल्या एखाद्या दूध संस्थेने एक हंगाम फक्त डांगीचं दूध वेगळं घ्यावं, त्याचं तूप डांगीच्या नावाने विकावं आणि वरचे पैसे थेट डांगीवाल्याला द्यावेत. जमलं नाही तर तसंही छापू.

तुमच्या गावात डांगी किती घरांत उरली आहे? कमेंटमध्ये गाव आणि आकडा टाका. यादी करायला घेतलीय.